पूर्वेची खूण

एलिम प्रजासत्ताकातल्या नॉइटगेडाख्त नावाच्या फार्मची उत्तरेची आणि दक्षिणेची सीमाखूण घरापासून सारख्याच अंतरावर होती. पूर्वेची खूण त्यांच्या सव्वापट दूर होती. चारही दिशांना एकच माणूस, एकाच घोडीवर, एकाच दिवशी, प्रत्येकी अर्धा तास साध्या चालीने गेला होता.

त्या माणसाचे नाव बारेंड स्वानेपूल. गेल्या उन्हाळ्यातल्या तापाने त्याला नेले, आणि पूर्वेची खूण लांब का, याचे उत्तर देण्याचे काम त्याच्या विधवेकडे, आलेटाकडे आले. फार्म तिच्याकडे राहणार की जाणार, हे त्या उत्तरावर ठरायचे होते.

मोजणीची रीत जुनी होती. घर जिथे बांधायचे तिथे खुंटी ठोकावी, घोड्यावर बसावे, आणि साध्या चालीने चहू दिशांना अर्धा-अर्धा तास जावे. वेळ संपेल तिथे दगडांची रास रचावी. घोड्याने दुडकी धरली, तर मोजणी खोटी आणि अख्खा फार्म बाद. या कायद्यात गणित फारसे नव्हते. प्रामाणिकपणा गृहीत धरलेला होता, कारण त्या मुलखात गणितापेक्षा त्याचा साठा मोठा आहे अशी तिथे वसायला आलेल्या डच बोलणाऱ्या बोअर लोकांची समजूत होती.

प्रजासत्ताकाचे नाव त्यांनी बायबलातून घेतले होते. शास्त्रातल्या एलिमला बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे होती. इथल्या एलिमला बारमाही झरा एकच होता आणि खजुरीचे झाड कुणी पाहिलेले नव्हते. झऱ्याला सगळे ‘डोळा’ म्हणत. खडकाच्या पापणीखालून तो दिवसभर आभाळाकडे पाहत पडलेला असे. ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर पाणी पीत आली होती, त्या त्ल्हापिंग लोकांचे त्याला वेगळे नाव होते. ते विचारण्याची गरज मोजणीच्या रीतीत कुठे येत नव्हती.

एलिम तीन उन्हाळे टिकले. राष्ट्राध्यक्ष चाके काढलेल्या बैलगाडीत राहत. झेंडा आलेटाने आणि आणखी दोघींनी मिळून एका हिरव्या पडद्यातून आणि पांढऱ्या चादरीतून शिवला होता. टपालकचेरी उघडण्याआधीच टपालाची तिकिटे छापून झाली होती. मग दक्षिणेकडून इंग्रजांची फौज आली. गोळी एकही सुटली नाही. राष्ट्राध्यक्षांनी टोपी काढून सलाम केला, गाडीला चाके बसवली आणि बैल जुंपून ते निघून गेले. दुपारी डोळा लागावा, स्वप्नात आपण एका देशाचे नागरिक असावे, आणि जाग यावी तर सावल्या तेवढ्या सरकलेल्या असाव्यात, तसे आलेटाला वाटले. झेंडा खाली आला तेव्हा तिने पाहिले की पडद्याची बाजू उन्हाने विटली आहे आणि चादर मात्र नव्यासारखी आहे.

इंग्रजांनी एक सवलत दिली. प्रजासत्ताकाने वाटलेले फार्म ते मान्य करणार होते, पण प्रजासत्ताकाच्याच कायद्याप्रमाणे खरेपणाने मोजलेले असतील तर. तपासणीसाठी ऑगिल्व्ही नावाचा एक मोजणीदार साखळी आणि दुर्बीण घेऊन फिरत होता. तो स्कॉटलंडचा होता, डच भाषा शब्द मोजून बोलायचा, आणि उन्हाने त्याचे नाक सोलून निघाले होते.

तक्रार सारेल ओडेंडालची होती. त्याचा फार्म पूर्वेला लागून होता. बारेंडची पूर्वेची खूण उत्तर-दक्षिणेइतकीच दूर असती, तर डोळा सारेलच्या हद्दीत आला असता. आता तो आलेटाच्या हद्दीत होता.

“बारेंड माणूस चांगला होता, देव त्याला शांती देवो,” आलेटाच्या ओट्यावर बसून सारेल ऑगिल्व्हीला सांगत होता. “पण माणूस मेला म्हणून त्याची घोडी दुडकीवरून साध्या चालीवर येत नाही.”

“तोंड सांभाळ, सारेल,” आलेटा म्हणाली. “माझ्याच घरची कॉफी पितोयस.”

“कॉफी पितोय म्हणूनच तर पाण्याचं बोलतोय.”

“दुडकी पाहिलीस तू?”

“पाहायला कशाला हवी? दगड बोलतायत. तीन खुणा एका हिशोबाच्या आणि चौथी बरोब्बर पाण्याच्या पलीकडे! घोडीला काय तहान लागली होती?”

ऑगिल्व्ही हसला नाही. त्याने पूर्वेची बाजू साखळीने मोजली होती, पडताळ्यासाठी उत्तर आणि दक्षिणही मोजली होती. पश्चिमेकडे तो गेला नव्हता, कारण पश्चिमेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिकडच्या खुणेपाशी काटेरी झुडपे आणि लाल माती याखेरीज काही नव्हते.

“बाई,” तो म्हणाला, “मला कारण हवंय. कारण मिळालं नाही, तर मी ‘दुडकी’ असं धरून चालेन. पुढच्या आठवड्यात मी परत येतो.”

मोजणीला साक्षीदार एकच होता, भागाचा अंमलदार ओम लोरेन्स टेरब्लांश. ओम म्हणजे काका. पण त्या मुलखात पांढरी दाढी असलेल्या प्रत्येकाला ओम म्हणत, आणि लोरेन्सची दाढी छातीपर्यंत होती. त्या दिवशी तो बारेंडच्या बरोबर आपल्या घोड्यावर होता आणि घड्याळ त्याच्या हातात होते. आलेटा त्याच्याकडे गेली तेव्हा तो दारात बसून खोगिराचा पट्टा शिवत होता.

“दुडकी?” ओम लोरेन्सने सुई थांबवली. “अगं पोरी, मी काय तिथे पेंड खात होतो? बारेंडची घोडी चालत होती. दुडकी असती तर मी ओरडलो असतो.”

“मग एवढ्या लांब कशी गेली, ओम?”

“ते मला नको विचारूस. माझा घोडा मागे पडत होता खरा. पण माझा घोडा नेहमीच मागे पडतो.”

“आणि घड्याळ?”

घड्याळ त्याने तिच्या हातात दिले. आलेटाने ते ऑगिल्व्हीच्या मागे थांबलेल्या, साखळी ओढणाऱ्या माणसाकडून पडताळून घेतले. ते मागे पडत होते, पण सगळ्या दिशांना सारखेच मागे पडणार होते. वाऱ्याचाही विचार तिने केला. त्या मोसमात वारा उत्तरेचा असतो. उतारही नव्हता, माळ इतका सपाट होता की सांडलेले दूध कुठल्या बाजूला वाहावे हे ठरवत उभे राहिले असते. एकेक कारण ती हातात घेऊन पाहत होती आणि खाली ठेवत होती. शेवटी हातात दुडकीच उरली.

तिला भीती फार्म जाण्याची होतीच. पण त्याहून आतली भीती अशी की बारेंड तिच्याशी कधी खोटे बोलला नव्हता, आणि आता मेल्यावर तिला ते खात्रीने म्हणता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीच घोडी बाहेर काढली. नाव ब्लेस; कपाळावर पांढरा पट्टा. मोजणीच्या वर्षीसारखेच यंदाही तिच्यामागे दूधपिते शिंगरू होते. ते कधी पुढे धावत, कधी मागे राहून स्वतःच्या सावलीशी भांडत तिच्याबरोबर निघाले. आलेटाने लगाम सैल सोडला, ओम लोरेन्सचे घड्याळ मांडीवर ठेवले आणि पूर्वेची वाट धरली.

ऊन चढत गेले तसा माळ विरघळू लागला. दूरची झाडे जमिनीपासून सुटून हवेत तरंगायला लागली. हरणांचा एक कळप पाण्यातून चालल्यासारखा मृगजळातून गेला आणि त्याचे पाय आधी नाहीसे झाले, मग पोटे, मग शिंगे. घोडीच्या पावलांचा आवाज एका लयीत येत राहिला. आलेटाला वाटले, बारेंड याच आवाजावर याच रेघेतून पुढे गेला आहे, आणि दोन मोजणीतला काळ म्हणजे फक्त हवेचा एक थरथरता पडदा आहे. हात पुढे केला तर त्याच्या कोटाची मागची शिवण लागेल. मग काट्याने अर्धा तास पुरा केला.

डोळा अजून पुढे होता. खूण त्याच्याही पुढे.

तिने घोडी थांबवली. शिंगरू आईच्या पोटाखाली शिरून दूध प्यायले. साध्या चालीने ही घोडी खुणेपर्यंत पोचत नाही, हे आता सारेलने सांगण्याची गरज नव्हती. तिने स्वतःच सिद्ध केले होते.

तरीही तिने पश्चिमेचीही फेरी केली. त्यामागे काही तर्क नव्हता; घरी जाऊन रडण्यापेक्षा घोडीवर बसणे बरे, एवढेच. खुणेच्या बाजूला ती वर्षभरात गेली नव्हती; ओम लोरेन्सकडे जाणारी वाट तिला टाळून जाई. झुडपांतून जाताना तिला डाव्या हाताला दगडांची रास दिसली, मुंग्यांनी अर्धी पुरलेली. तिने घड्याळ पाहिले. अर्धा तास व्हायला बराच अवकाश होता. ती पुढे जात राहिली, आणि काटा पोचला तेव्हा पश्चिमेची खूण पार मागे धुरकट झाली होती.

तिने परत येऊन बारेंडचा जुना दोर घेतला आणि अंतर ताडून पाहिले. पश्चिमेची खूण उत्तर-दक्षिणेच्या पाऊणपटच दूर होती. पूर्वेला जितके जास्त, जवळजवळ तितकेच पश्चिमेला कमी. जास्तीकडे सगळ्यांनी बोट दाखवले होते. कमीकडे कुणी पाहिले नव्हते, कारण पश्चिमेच्या खुणेला लागून कुणाचाच फार्म नव्हता, आणि उणे पडलेल्या जमिनीची तक्रार कोण करणार?

जमीन चोरणारा माणूस एका बाजूला चोरतो; दुसऱ्या बाजूला दान करीत नाही. हे तिला लगेच कळले. पण बारेंड चोर नव्हता एवढ्याने, घोडी अशी का चालली, हे कळत नव्हते.

“पश्चिमेला?” ओम लोरेन्सने दाढी खाजवली. “पश्चिमेला मी पुढे होतो! आठवतंय मला. माझ्या घोड्यानं आयुष्यात एकदाच कुणाला मागे टाकलं, ते त्या दिवशी. बारेंडला म्हटलंसुद्धा मी, ‘काय रे, झोप लागली की काय?’”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, घोडी जड चालतेय.”

ऑगिल्व्ही परत आला तेव्हा तिने त्याला पश्चिमेची खूण दाखवली. त्याने ती साखळीने मोजली, दोनदा मोजली आणि सोललेले नाक हळूच चोळले.

“त्या दिवशी पूर्वेला काय होतं?” त्याने विचारले.

आलेटाला आठवावे लागले नाही. फार्म चिठ्ठ्या टाकून वाटले होते आणि चिठ्ठी निघाल्यावर ठरल्या मुदतीत मोजणी करायची होती, म्हणून बारेंड आणि ओम लोरेन्स पुढे आले होते. गाडी पूर्वेला, ओढ्याच्या उतारावर मागेच थांबली होती, तास-दीड तासाच्या वाटेवर. बैल दमले होते.

“गाडी होती,” ती म्हणाली. आणि मग: “मी होते.”

सारेल मोठ्याने हसला. “म्हणजे बारेंड बायकोच्या ओढीनं घोडी हाकत होता? वा! साहेब, लिहून घ्या. एलिमची सीमा प्रेमानं आखली!”

“तुझी सीमा कशानं आखली, ते तुझ्या बायकोला विचारू का?” आलेटा म्हणाली, पण तिच्या गालांवर ऊन आल्यासारखे झाले.

ऑगिल्व्ही म्हणाला, “हाकणं म्हणजे टाच मारणं. टाच मारली तर ती साधी चाल नव्हे.” त्याने तिला चार दिवस दिले.

ते दिवस आलेटाने एका गोड आणि धोक्याच्या विचारात काढले. बारेंड तिच्याकडे येत होता. पश्चिमेला जाताना त्याचा पाय निघत नव्हता, आणि पूर्वेला तोंड फिरताच, नकळत, त्याच्या टाचा घोडीच्या कुशीत रुतत होत्या. भाकरी थापताना, मेंढ्या आत घेताना ती हेच पाहत होती: माळावरून एक माणूस येतो आहे, येतच राहतो आहे. हे खरे असेल तर फार्म जातो. खोटे असेल तर हा माणूस जातो. कोणते हवे, हे तिला कुणी विचारले नाही हे बरे झाले.

तिसऱ्या दिवशी शिंगराच्या खुरात काटा मोडला. तिने काटा काढला, शिंगराला गुरांच्या वाडग्यात कोंडले आणि खुराला लावायचे डांबर आणायला ब्लेसवर बसून ओम लोरेन्सकडे निघाली. ओमचे घर पश्चिमेला होते. घोडी चालेना. म्हणजे चालत होती, पण प्रत्येक पाऊल चिखलातून उपसून काढल्यासारखे. मान सारखी मागे. आलेटाने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, काही उपयोग नाही. अर्ध्या वाटेवर वाडग्यातून शिंगराची बारीक किंकाळी आली, आणि घोडी उभीच राहिली.

तिथूनच परतताना लगाम आखडून धरावा लागला. आलेटाने टाच लावली नव्हती. पाय तर तिने मुद्दाम लांब सोडले होते. ब्लेस दुडकी धरत नव्हती, पण तिचे मागचे खूर पुढच्या खुरांच्या ठशाच्याही पलीकडे पडत होते, मान खाली, कान पुढे, लांब, सपाट, न थांबणारी चाल. बाजूची झुडपे स्वप्नातल्यासारखी सरकत होती.

वाडग्यापाशी उतरताना आलेटाला मोजणीच्या दिवसाची सकाळ आठवली. बारेंड खोगीर कसत म्हणाला होता, “याला इथेच ठेव, आलेटा. बरोबर आलं तर दर झाडाशी थांबेल आणि मला उशीर करील.” आणि तिने स्वतः शिंगराला गाडीच्या चाकाला बांधले होते. दिवसभर ते ओरडत होते. तिला वाटले होते, भूक लागली असेल.

ऑगिल्व्हीने तिचे सांगणे ऐकून घेतले आणि विश्वास ठेवला नाही. त्यासाठी ती त्याच्यावर रागावली नाही. तिनेही तपासल्याशिवाय ठेवला नसता.

“घोडीवर तुम्ही बसू नका,” तो म्हणाला. “लोरेन्सनंही नको. ओडेंडाल बसेल.”

“मी?” सारेल म्हणाला.

“घोडी सावकाश चालावी असं तुमच्याइतकं इथे कुणालाच वाटत नाही. शिंगरू ओढ्याच्या उतारावर बांधायचं, तिथूनच घोडी इकडे आणायची आणि मोजणी करायची. मी बरोबर असेन. दुडकी धरली की मी थांबवीन.”

सारेल बसला. पश्चिमेची फेरी त्याला फार आवडली. “बघा, कशी रमतगमत चाललीय,” तो ओरडून सांगत होता. पूर्वेला तोंड फिरल्यावर त्याचा आवाज हळूहळू बंद झाला. त्याने लगाम ओढला, मागे रेलून बसला, घोडीला शिव्या दिल्या, मग विनवणी केली. ओम लोरेन्सचा घोडा नेहमीप्रमाणे मागे पडला, आणि शेवटी ऑगिल्व्हीचाही. माळ थरथरत होता, आणि ओट्यावरून पाहणाऱ्या आलेटाला घोडी आणि स्वार जमिनीवर नव्हे, तर तिच्या किंचित वर सरकत गेल्यासारखे दिसले. मग डोळ्याशी पोचले, मग त्याच्या पलीकडे, आणि तिथे उजेडात विरून गेले.

वेळ संपला तिथून पूर्वेची खूण एका हाकेच्या अंतरावर होती.

दुसऱ्या दिवशी ऑगिल्व्हीने शिंगरू पश्चिमेला, ओम लोरेन्सच्या अंगणात बांधायला लावले आणि सारेलला पुन्हा पूर्वेकडे पाठवले. या वेळी घोडी डोळ्यापर्यंतही पोचली नाही. सारेलने, सवयीने म्हणा किंवा इरेला पेटून म्हणा, तिला टाच मारूनही पाहिली. तिने फक्त मान मागे वळवून त्याच्या बुटाकडे पाहिले.

“काल दुडकी होती?” ऑगिल्व्हीने विचारले.

सारेलने टोपी काढली आणि घाम पुसला. खोटे बोलायची संधी होती. त्याच्याखेरीज घोडीची पाठ कुणाला ठाऊक नव्हती.

“नव्हती,” तो म्हणाला. “चालतच होती, मेली.”

“मग कायदा मोडलेला नाही. घोड्यानं चालावं असं कायद्यात आहे. कुणाकडे चालावं, हे कायद्यात नाही.” ऑगिल्व्हीने दुर्बिणीचे पाय मिटले. “फार्म बाईंचा. चारही खुणा आहेत तशा राहतील.”

आलेटा ओमच्या अंगणात गेली आणि तिने शिंगराचा दोर सोडला. बारेंड तिच्या ओढीने येत नव्हता, हे तिला आता माहीत होते. तो खोटेही बोलला नव्हता. त्याने घोडी मुळी हाकलीच नव्हती. नुसता लगाम धरून तो बसून राहिला होता, आणि घोडी जड चालतेय असे त्याला वाटले ते त्याने म्हटलेही होते.

नॉइटगेडाख्तची पूर्वेची सीमा लांब आणि पश्चिमेची आखूड पडली, कारण मोजणीच्या दिवशी घोडीचे दूधपिते शिंगरू पूर्वेला, ओढ्याच्या उतारावरच्या गाडीच्या चाकाला बांधलेले होते.